झोपा, धुपाटणे आणि संक्रांत : मराठी म्हणींच्या मुळांविषयी

‘बैल गेला आणि झोपा केला’ या म्हणीचा अर्थ शाळकरी मूलही सांगते. वेळ टळून गेल्यावर केलेली तजवीज वाया जाते. पण झोपा म्हणजे काय असे विचारले, की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे झोपलेला शेतकरी उभा राहतो. बैल चोरीला गेला आणि धनी घोरत पडला, असे काहीसे ते चित्र असते. ते खरे असते तर म्हणीचा रोख आळसावर राहिला असता, उशिरा सुचलेल्या शहाणपणावर नाही. झोपा म्हणजे गोठ्याच्या तोंडाला लावायचे फांद्यांचे, काट्याकुट्यांचे दार. बैल होता तेव्हा गोठा उघडा टाकला, आणि बैल गेल्यावर मालक काटे तोडून दार करायला बसला. एवढे कळले की म्हणीतला प्रत्येक शब्द आपापल्या जागी बसतो आणि अर्थ पाठ करावा लागत नाही.

म्हणींच्या मुळांचा शोध घेताना मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते ते हेच. वस्तू जाते, अर्थ राहतो. वस्तू गेल्यावर तिच्या रिकाम्या जागेत एखादी कल्पना शिरते, मग त्या कल्पनेला साजेशी गोष्ट कुणीतरी रचतो, आणि पुढे तीच गोष्ट म्हणीचा उगम म्हणून छापली जाते. म्हणून या पुस्तकात क्रम उलटा धरला आहे. आधी म्हणीतली वस्तू ओळखायची, मग ती वस्तू वापरणाऱ्या माणसांचा व्यवहार समजून घ्यायचा, आणि त्यानंतर उगमकथेकडे वळायचे. कथा वस्तूशी आणि व्यवहाराशी जुळली तर ठेवायची. जुळली नाही तर ती कितीही गोड असो, तिला लोककथा म्हणायचे, इतिहास म्हणायचे नाही.

‘तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले’ ही म्हण घ्या. धुपाटणे म्हणजे धूप जाळायचे भांडे. वर धुपासाठी वाटी आणि खाली उभे राहण्यासाठी बैठक, अशी त्याची घडण. बैठक खालून पोकळ असते, त्यामुळे भांडे उलटे धरले की तिकडेही एक वाटीच तयार होते. गोष्टीतला भोळा माणूस तेल आणि तूप आणायला धुपाटणे घेऊन दुकानात जातो. एका बाजूला तूप घेतो. दुकानदार विचारतो, तेल कशात घेणार? हा धुपाटणे उलटे करतो आणि खालच्या खळग्यात तेल घेतो. तूप तिथेच सांडते. घरी विचारतात, तूप कुठे आहे? ते दाखवायला हा पुन्हा धुपाटणे फिरवतो आणि तेलही जाते. ही गोष्ट भांड्याच्या आकारातूनच निघाली आहे. दुसऱ्या कुठल्याही भांड्याने ती घडली नसती. ज्या घरात धुपाटणे नाही, तिथल्या मुलाला ‘हाती काहीच राहिले नाही’ एवढाच अर्थ कळतो. हाताशी आलेल्या दोन गोष्टी आपल्याच एकेका कृतीने कशा गमावल्या, हा म्हणीचा खरा डंख त्याच्यापर्यंत पोचत नाही.

म्हण आणि वाक्प्रचार यांतला भेद व्याकरणाच्या पुस्तकांत असतो, तो इथे थोडक्यात सांगतो. म्हण हे पुरे वाक्य असते, ते आहे तसे बोलायचे. वाक्प्रचार हा शब्दांचा संच असतो आणि त्याचे क्रियापद काळ, पुरुष, वचन यांप्रमाणे फिरते. ‘विडा उचलणे’चे ‘तिने विडा उचलला’ होते. ‘पळसाला पाने तीनच’ मात्र कुठेही तसेच राहते. बोलणाऱ्याला या भेदाची पर्वा नसते, आणि मुळांचा शोध घेणाऱ्यालाही फारशी नसावी. दोन्हींची माती एकच आहे.

त्या मातीत शेती सर्वांत खोल रुजली आहे. ‘भरवशाच्या म्हशीला टोणगा’ ही म्हण दूधदुभत्यावर जगणाऱ्या घराची निराशा सांगते. ज्या म्हशीच्या वेतावर सगळा हिशेब मांडला होता, तिने रेडकू दिले ते नर. ‘आगीतून फुफाट्यात’ मधला फुफाटा म्हणजे वरून शांत दिसणारी, आत धगधगणारी गरम राख. आग निदान दिसते, फुफाट्यावर पाय पडेपर्यंत काही कळत नाही. दुसरे संकट पहिल्याहून वाईट का, याचे उत्तर त्या राखेत आहे. ‘कानामागून आली आणि तिखट झाली’ ही म्हण हल्ली मिरचीच्या तिखटाशी जोडली जाते. तिचे मूळ गुरांच्या शिंगांत आहे. वासराला जन्मतः कान असतात, शिंगे मागाहून फुटतात, आणि तीच अधिक तीक्ष्ण होतात. तिखट या शब्दाला ‘धारदार’ असा अर्थ होता, तो बोलण्यातून मागे पडला आणि म्हण स्वयंपाकघरात जाऊन बसली.

‘दुष्काळात तेरावा महिना’ या म्हणीपाशी थोडे थांबले पाहिजे. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे आणि सौर वर्ष ३६५ दिवसांचे. दर वर्षी पडणारी अकरा दिवसांची ही तूट भरून काढायला साधारण ३२-३३ महिन्यांनी एक अधिक महिना धरावा लागतो. ज्या वर्षी तो येतो, त्या वर्षाचे महिने तेरा होतात. पंचांगकर्त्याच्या दृष्टीने ही गणिताची सोय आहे. पण कणगीतले धान्य महिन्याच्या मापाने पुरवून खाणाऱ्या घराला तो तोंडे तेवढीच आणि दिवस मात्र वाढलेले, असा वाटतो. महाराष्ट्राने १६३०-३२चा दुष्काळ पाहिला, १८७६-७८चा पाहिला, १९७२चा तर आजही हयात असलेल्या लाखो माणसांना आठवतो. ही म्हण खगोलाचे एक सूक्ष्म गणित आणि भुकेचा हिशेब एका दमात सांगते. असे सामर्थ्य विद्वानांच्या वाक्यांत क्वचित सापडते.

नाणी आणि वजने यांनी दिलेले बोल वेगळ्या कारणाने लक्षात घेण्यासारखे आहेत. १ एप्रिल १९५७ रोजी देशात दशमान नाणी आली आणि आणा गेला. त्यापाठोपाठ मेट्रिक वजने आली आणि शेर गेला. कवडी तर व्यवहारातून कधीच उठली होती. तरी आपण आजही एखादी गोष्ट ‘सोळा आणे खरी’ म्हणतो, ‘शेरास सव्वाशेर’ भेटतो, जमीन ‘कवडीमोलाने’ विकली जाते. ‘चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला’ या म्हणीत चार आणि बारा मिळून सोळा आणे, म्हणजे बरोबर एक रुपया होतो. पाव रुपयाच्या वस्तूवर पाऊण रुपया खर्च झाला आणि अख्खा रुपया उडाला, हे ऐकणाऱ्याला त्या काळी हिशेब न करता समजत होते. आज चार आणे म्हणजे पंचवीस पैसे हे आधी सांगावे लागते. अंकांच्या आकारानेही आपल्याला एक वाक्प्रचार दिला आहे. ३६ लिहिताना तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ फिरवून बसतात, म्हणून दोन माणसांत ‘छत्तीसचा आकडा’ असतो. रोमन अंकांत हा वाक्प्रचार जन्मलाच नसता.

धार्मिक आणि सामाजिक विधींनी मराठीला दिलेले वाक्प्रचार मला विशेष प्रिय आहेत, कारण त्यांत हाताची हालचाल गोठून राहिली आहे. दान देताना वस्तूवर तुळशीचे पान ठेवायचे आणि पळीभर पाणी सोडायचे, की ती वस्तू आपली राहत नाही. त्यावरून ‘घरादारावर तुळशीपत्र ठेवणे’ आणि एखाद्या हक्कावर ‘पाणी सोडणे’ आले. स्वातंत्र्यलढ्यात उतरलेल्या माणसाविषयी त्याने संसारावर तुळशीपत्र ठेवले असे म्हटले, की त्याने संसार टाकला असा अर्थ होत नाही, तो त्याने अर्पण केला असा होतो. टाकणे आणि अर्पण करणे यांत जे अंतर आहे, ते त्या एका पानाने राखले आहे. विधी ठाऊक नसलेला लेखक ‘पाणी सोडले’ आणि ‘पाणी फिरवले’ यांची गल्लत करतो, आणि अशी गल्लत हल्ली छापील मजकुरात सर्रास दिसते.

दरबारात कठीण कामगिरी असली की तबकात विडा ठेवला जाई. ज्याने तो उचलला, त्याने सगळ्यांदेखत जबाबदारी पत्करली. अफझलखानाने विजापूरच्या दरबारात असा विडा उचलल्याची आठवण मराठी मन साडेतीनशेहून अधिक वर्षे सांगत आले आहे. ‘वाटाण्याच्या अक्षता लावणे’ याच्या मुळाशी आमंत्रणाची अक्षत आहे. कुंकवाने ओले केलेले तांदूळ कपाळाला चिकटतात, वाटाणे चिकटत नाहीत. वरवर मान दिल्यासारखे करून प्रत्यक्षात धुडकावून लावणे, हा सगळा भाव त्या न चिकटणाऱ्या वाटाण्यात आहे. ‘नारळ देणे’ हेही तसेच. निरोपाच्या वेळी हातात नारळ देण्याचा रिवाज मानाचा होता. नोकरीवरून काढण्यासाठी तो शब्द वापरात आला, तेव्हा क्रूर गोष्टीवर एक सभ्य पांघरूण पडले.

‘पाचवीला पुजणे’ याच्या मागे बाळंतिणीची खोली आहे. मूल जन्मले की पाचव्या दिवशी पूजा मांडायची, आणि सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचे नशीब लिहून जाते, अशी समजूत गावोगाव होती. म्हणून जे दुःख जन्माबरोबर पदरी आले, ते ‘पाचवीला पुजलेले’. दारिद्र्य पाचवीला पुजलेले आहे असे एखादी बाई म्हणते, तेव्हा ती तक्रार करत नसते, आपल्या दुःखाची जन्मतारीख सांगत असते. ज्या काळात मूल पाच दिवस जगले हीच पूजा मांडण्यासारखी गोष्ट होती, त्या काळाचा हा शब्द आहे.

पंगतीने दिलेल्या वाक्प्रचारांत ‘आपल्या पोळीवर तूप ओढणे’ हा सर्वांत चालता. तूप मोजके, वाढणारा एक, पाने अनेक. ज्याने वाढप्याचा हात आपल्या पानावर जरा अधिक वेळ थांबवला, त्याच्यामुळे पंगतीच्या शेवटच्या पानाला कमी पडले. आज सहकारी संस्थांपासून विधिमंडळापर्यंत हा वाक्प्रचार जातो तो योग्यच, कारण तिथेही तूप सगळ्यांच्या मालकीचे असते.

आता इतिहासाकडे येतो. उगमकथांचा सर्वांत मोठा घोळ इथेच आहे.

‘अटकेपार झेंडे लावणे’ याचे मूळ स्वच्छ आहे. १७५८ साली राघोबादादांच्या मोहिमेत मराठी फौजा लाहोर घेऊन पुढे सिंधूकाठच्या अटकेपर्यंत गेल्या. ते यश फार टिकले नाही. पुढच्याच वर्षी अब्दाली पुन्हा उतरला आणि पंजाब हातचा गेला. वाक्प्रचाराने मात्र कळस तेवढा जपला, उतार जपला नाही. भाषेला असे करण्याची मुभा असते, इतिहास शिकवणाऱ्याला नसते.

‘भाऊगर्दी’ हा शब्द आज लग्नाच्या मांडवातल्या किंवा उमेदवारांच्या रेटारेटीला वापरतात. त्यातले भाऊ म्हणजे सदाशिवरावभाऊ, आणि गर्दी म्हणजे आजच्या अर्थाची गर्दी नव्हे. अठराव्या शतकात गर्दी म्हणजे दंगल, कापाकापी, धूळधाण. भाऊगर्दी म्हणजे १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर झालेला संहार. इतका रक्ताळलेला शब्द दोन-अडीच शतकांत मांडवापर्यंत आला, याचे वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. पण एकदा तो मूळ अर्थाने वाचला की बखरींतली वाक्ये वेगळी ऐकू येतात.

पानिपताशीच जोडलेली दुसरी कथा मात्र तपासावी लागते. ‘संक्रांत कोसळणे’ हा वाक्प्रचार पानिपतावरून आला, कारण युद्ध संक्रांतीच्या दिवशी झाले, असे सांगितले जाते. १४ जानेवारी ही तारीख पाहून ते पटतेही. परंतु संक्रांत कायम १४ जानेवारीलाच येत नाही. आपले पंचांग नक्षत्रांच्या आधारे चालते आणि इंग्रजी वर्ष ऋतूंच्या आधारे, त्यामुळे संक्रांत सुमारे सत्तर वर्षांत एका दिवसाने पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ च्या मकर संक्रांतीचा, आणि त्या दिवशी तारीख होती १२ जानेवारी. त्याच्याही शंभर वर्षे मागे गेले की १७६१ ची संक्रांत १० जानेवारीच्या आसपास पडते. म्हणजे पानिपत झाले तेव्हा संक्रांत होऊन चारएक दिवस उलटले होते.

मग संक्रांत ‘कोसळते’ ती कुठून? उत्तर प्रत्येक पंचांगात आहे. संक्रांत ही पंचांगात देवता म्हणून येते. तिचे वाहन, वस्त्र, शस्त्र, ती कुठून येते, कुठे जाते, कुठे पाहते, हे सगळे दर वर्षी लिहिलेले असते. तिने ज्या वस्तू धारण केल्या त्या महागतील, ती जिकडे पाहील तिकडे पीडा होईल, असा समज होता. गावात पंचांग वाचले जाई तेव्हा यंदा संक्रांत कशावर आहे, हा लोकांचा खरा प्रश्न असे. या समजातून ‘संक्रांत येणे’ सरळ उगवते, त्याला युद्धाची गरज लागत नाही. पानिपताची बातमी त्याच दिवसांत महाराष्ट्राच्या वाट्याला आली आणि जुन्या वाक्प्रचाराला नवे, न पुसणारे दुःख चिकटले, एवढे मान्य करता येते. मूळ आणि नंतरचे चिकटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वेगळ्या ठेवणे हेच उगम शोधणाऱ्याचे काम आहे.

‘ध चा मा करणे’ याबाबत माझे मत अधिक कठोर आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. राघोबादादांनी ‘धरावे’ असे लिहून दिले होते, आनंदीबाईंनी ‘ध’ पुसून ‘मा’ केला आणि ‘मारावे’ झाले, ही कथा घराघरांत पोचली आहे. कथा विलक्षण आहे. एका अक्षरात एक जीव. पण आनंदीबाईंवरचा आरोप सिद्ध करणारा भक्कम कागद आपल्यापुढे नाही, आणि हा आरोप न मानणारे इतिहासकार आहेत. शिवाय तो व्यवहार मोडीतला. तेव्हा हा बदल मोडीच्या वळणात कितपत सहज होता, हे देवनागरी अक्षरे डोळ्यांपुढे ठेवून ठरवता येत नाही. रामशास्त्री प्रभुणे यांनी दोष राघोबादादांच्या पदरी घातला, हे आपल्याला ठाऊक आहे. तरी वाक्प्रचाराने अडीचशे वर्षे बोट दाखवले आहे ते त्यांच्या पत्नीकडे. हा वाक्प्रचार वापरू नये असे मी म्हणत नाही. मजकुरात खोडसाळ बदल करणे या अर्थाने तो आता स्वतंत्र झाला आहे. मात्र मुलांना त्याचा उगम सांगताना ‘अशी आख्यायिका आहे’ हे तीन शब्द गाळू नयेत.

‘गाढवाचा नांगर फिरवणे’ याला मात्र दगडांची साक्ष आहे. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणे जाळले आणि त्या जागेवर गाढवांचा नांगर फिरवला, पुढे जिजाबाईंनी तिथेच सोन्याचा नांगर फिरवून वस्ती केली, ही हकीकत सर्वांना माहीत आहे. गाढव आणि शाप यांची सांगड त्याहून कितीतरी जुनी. शिलाहारांच्या काळापासून दानाच्या शिळांवर, दान मोडणाऱ्याला गाढवाची शिवी कोरलेली आढळते. वर चंद्रसूर्य आणि खाली ती शिवी चित्ररूपाने. या शिळांना गधेगाळ म्हणतात. मुंबईत परळला मिळालेली अशी एक शिळा शके ११०९ ची, म्हणजे ११८७ सालची आहे. बैलाचा नांगर जमीन पिकवतो, गाढवाचा नांगर तिला नापीक आणि अपवित्र ठरवतो, हे सांगायला अक्षरओळख लागत नव्हती.

कथांतून आलेल्या म्हणींत दोन कोल्हे आहेत. एक कोल्हा काकडीला राजी आहे, दुसऱ्याला द्राक्षे आंबट आहेत. पहिला आपला. रात्री शेतात शिरून काकड्या खाणारा कोल्हा खानदेशापासून कोकणापर्यंत सगळ्यांनी पाहिलेला. दुसरा इसापाचा, आणि तो पुस्तकांतून आला. तंजावरात सरफोजीराजांच्या छापखान्यात १८०६ साली इसापाच्या कथा मराठीत छापल्या गेल्या, आणि पुढे सदाशिव काशीनाथ छत्रे यांच्या १८२८ च्या इसापनीतीने त्या शाळाशाळांत पोचवल्या. दोनशे वर्षांत हा परका कोल्हा इतका घरचा झाला की त्याला परका म्हणणेही आता अवघड. भाषा पाहुण्याला अशी सामावून घेते, आणि त्यात तिचे काही कमी होत नाही.

शेजारच्या भाषांचाही विचार करायला हवा. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण हिंदीत जवळजवळ शब्दशः आहे, आणि कन्नडातही नाचता न येणारी जमिनीलाच वाकडी म्हणते. आपल्या गाढवाला गुळाची चव कळत नाही, कन्नड गाढवाला कस्तुरीचा वास कळत नाही. सोलापूर, सांगली, बेळगावकडच्या बाजारांत दोन्ही भाषा एकाच पालाखाली बोलल्या जात आल्या आहेत. त्यामुळे कोणी कोणाकडून घेतले याचा वाद घालण्यापेक्षा, आपण गूळ का निवडला आणि त्यांनी कस्तुरी का, हा विचार अधिक फळाला येतो.

म्हणी म्हणजे पिढ्यांचे शहाणपण, असे प्रस्तावनांत लिहिण्याची रीत आहे. ते पुरते खरे नाही. म्हणींत पिढ्यांचा तिरस्कारही साठला आहे. जातींची हेटाळणी करणाऱ्या, विधवेला अपशकुनी ठरवणाऱ्या, अपंगाची थट्टा करणाऱ्या म्हणी शेकड्यांनी आहेत. त्या कोशात राहिल्या पाहिजेत, कारण समाज काय बोलत होता याचा तो पुरावा आहे. पण त्या फळ्यावर सुविचार म्हणून लिहायच्या नाहीत आणि भाषणाला रंग आणायला वापरायच्या नाहीत. याउलट काही म्हणी सोसणाऱ्याच्या बाजूने बोलतात, त्यांच्याकडे आपले लक्ष कमी जाते. ‘नावडतीचे मीठ अळणी’ घ्या. दोन बायकांच्या घरात नावडतीने मीठ घातले तरी ते अळणी लागते. दोष मिठात नाही, खाणाऱ्याच्या जिभेत आहे, हे ज्याने किंवा जिने पहिल्यांदा म्हटले त्याने त्या चुलीपुढचे दुःख ओळखले होते. ‘लेकी बोले सुने लागे’ ही म्हणसुद्धा माजघरात ऐकलेली आहे, चावडीवर नाही.

मराठी म्हणी कागदावर उतरवणाऱ्यांचे ऋण मोठे आहे. मोल्सवर्थ यांच्या १८३१ च्या कोशात आणि त्याच्या १८५७ च्या आवृत्तीत शब्दाशब्दाखाली म्हणी विखुरलेल्या आहेत, आणि झोप्यासारख्या वस्तूंचा अर्थ आज तिथेच सापडतो. आल्फ्रेड मॅनवारिंग या मिशनऱ्याचा मराठी म्हणींचा संग्रह १८९९ साली ऑक्सफर्डहून निघाला. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी महाराष्ट्र शब्दकोशाचे प्रचंड काम उरकल्यावर १९४२ आणि १९४७ मध्ये दोन खंडांत महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश दिला. आज कुठलाही अभ्यासक त्याच कोशापासून सुरुवात करतो. तरी एक उणीव राहिली. हे संग्राहक पुरुष होते आणि बहुतेक शिकलेल्यांमध्ये वावरणारे. जात्यावर, पाणवठ्यावर, बाळंतिणीच्या खोलीत जे बोलले जाई ते त्यांच्या कानी कमी पडले. जे पडले त्यातले ग्राम्य म्हणून पुष्कळ गाळले गेले असणार. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, झाडीबोली यांतल्या म्हणी प्रमाण मराठीत ‘सुधारून’ छापल्या गेल्या की त्यांची चव जाते आणि यमकही मोडते.

म्हणी होण्याचे थांबले आहे, हे म्हणणे मला मान्य नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली, आणि तिच्या मागोमाग ‘हिरवा कंदील दाखवणे’, ‘रुळावर येणे’ हे वाक्प्रचार आले. गार्डाच्या हातातला तो कंदील आता क्वचितच दिसतो, मंत्रिमंडळ मात्र योजनांना अजून हिरवा कंदीलच दाखवते. क्रिकेटने ‘गुगली टाकणे’ आणि ‘विकेट काढणे’ दिले. मोबाइलमुळे न ऐकणारा माणूस ‘रेंजच्या बाहेर’ गेला. यांतले काय टिकेल ते पन्नास वर्षांनी कळेल. नोंद मात्र आजच करायला हवी, कारण कोणती वस्तू पाहून हा शब्द आला ते आज सांगता येते.

या पुस्तकात प्रत्येक म्हणीखाली आधी वस्तू किंवा विधी दिला आहे, मग वापराचा प्रसंग, आणि उगमकथा असल्यास ती कथा म्हणून. वाचकांकडे एक मागणे आहे. घरात, शेतात, बाजारात एखादी म्हण कानावर आली आणि ती इथे नसेल, तर ती लिहून ठेवा. शब्द बोलणाऱ्याने उच्चारला तसाच लिहा, प्रमाण मराठीत आणू नका. खाली गाव लिहा, बोलणाऱ्याचा धंदा लिहा, कशावरून बोलणे निघाले ते लिहा. त्यातली एखादी वस्तू ओळखीची नसेल तर ती अर्थासकट त्याच माणसाला विचारा, आणि ते काम पुढच्या खेपेवर टाकू नका.